टाच मोडली तर: हाडवैद्याचा हात आणि डॉक्टरची तार

मे महिना सरत आला की भोर आणि वेल्हे परिसरात घराघरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसतात. कुणी कौले शाकारतो, कुणी पत्र्याचे हुक घट्ट करतो, कुणी ताडपत्री बांधतो. तोरणा, राजगड आणि रायरेश्वराच्या कुशीतला पाऊस मोठा, म्हणून ही घाई. याच दिवसांत बांधकामावरचे लोकही स्लॅब उरकण्याच्या मागे असतात. सेंट्रिंगवाले, गवंडी, रंगारी, पत्रे बसवणारे, जांभळाच्या झाडावर चढणारे, सगळ्यांचे काम उंचीवरचे. आणि उंचीवरून माणूस उभा पडला, तर सगळा भार सर्वात आधी येतो तो टाचेवर.

टाच मोडणे ही जिवावर बेतणारी गोष्ट क्वचितच असते. त्यामुळे ती हलकी धरली जाते. 'मुका मार आहे, आठ दिवसांत उतरेल,' असे म्हणून लेप लावला जातो, नाहीतर गाडीवर बसवून हाडवैद्याकडे नेले जाते. पण ज्याच्या पायावर घर चालते त्याची टाच वाकडी जुळली, तर तो पुन्हा शिडी चढत नाही. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक घरात असावी, असे आम्हाला वाटते.

टाचेच्या आत काय होते?

घोट्याखाली सात लहान-मोठी हाडे असतात. त्यांतले सर्वात मोठे म्हणजे टाचेचे हाड, डॉक्टरांच्या भाषेत कॅल्केनियम. या सात हाडांपैकी कुठलेतरी मोडते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा ते टाचेचेच असते. त्याची घडण अंड्यासारखी समजा: वर पातळ कवच, आत जाळीदार, स्पंजासारखा भाग. माणूस उंचावरून पायावर पडला की घोट्याचे हाड वरून पाचरीसारखे टाचेत घुसते. लाकडात कुऱ्हाड बसावी तसे टाचेचे हाड चिरते, दबते आणि बाजूंना फुगते.

परिणाम तीन. टाचेची उंची कमी होते. रुंदी वाढते, मग चप्पल-बूट बसत नाही आणि घोट्याबाहेरचे स्नायुबंध चिमटतात. आणि टाचेच्या वरचा सांधा फुटतो. दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांत मोड या सांध्यापर्यंत गेलेली असते. हाच सांधा पायाला आत-बाहेर कलू देतो. डांबरी रस्त्यावर त्याची उणीव फारशी भासत नाही, पण शेताचा बांध, डोंगराची पायवाट, परांचीची फळी किंवा शिडी, इथे त्याच्याशिवाय पाऊल टिकत नाही. भोर-वेल्ह्यासारख्या चढउताराच्या मुलखात या सांध्याचे मोल शहरापेक्षा जास्त आहे.

एक्स-रेवर डॉक्टर टाचेच्या हाडाचा एक कोन मोजतात. व्हिएन्नाचे डॉ. लोरेन्झ बोलर यांच्या नावाने तो ओळखला जातो. निरोगी टाचेत तो साधारण २० ते ४० अंशांचा असतो. हाड दबले की तो कमी होतो, कधी शून्यावर येतो, कधी उलटाही होतो. हाताने चाचपून हा कोन कळत नाही. वरून सुजलेली टाच सगळ्यांची सारखीच दिसते.

हाडवैद्याकडे लोक का जातात?

या प्रश्नाचे उत्तर 'अडाणीपणा' असे देऊन मोकळे होणे आम्हाला पटत नाही. हाडवैद्य जवळ असतो. तो लगेच पाहतो, दाखल करून घेत नाही, थोडक्यात भागवतो आणि घरच्यासारखा बोलतो. बांबूच्या कामट्या, कापडाचे बंद, कांडवेलीचा लेप आणि पिढ्यांचा अनुभव एवढे त्याचे साहित्य. निखळलेला सांधा किंवा मनगटाची साधी मोड बसवण्यात काहींचा हात खरोखर चांगला असतो. उलट, वेल्ह्याच्या आतल्या भागातून किंवा भाटघर, निरा-देवघर धरणांच्या पाण्यापलीकडच्या गावातून पुण्याला जायचे म्हणजे अख्खा दिवस, गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. त्यावर 'ऑपरेशन' हा शब्द ऐकला की निम्मी माणसे आल्या पावली परत फिरतात.

पण टाच हे मनगट नाही. तिथले तुकडे वरून दाबून जागेवर येतील असे नसतात, कारण दबलेला तुकडा आत, सांध्याच्या पृष्ठभागाखाली अडकलेला असतो. त्यावर चोळले तर सूज वाढते. सुजेवर घट्ट कामट्या आवळल्या तर रक्तपुरवठा अडतो, कातडीला फोड येतात आणि क्वचित बोटे काळी पडण्याची पाळी येते. आणखी एक नुकसान आहे, जे लगेच दिसत नाही: दिवस निघून जातात. त्याबद्दल पुढे सांगतो.

'जब्र' हा शब्द आपला ओळखीचा

हाड बसवण्याच्या विद्येला अरबीत जब्र म्हणतात. मोडलेले जोडणे, उणे असेल ते भरून काढणे असा तिचा अर्थ. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणे सोडवण्याच्या रीतीला 'अल-जब्र' हेच नाव दिले आणि त्यातून आपल्या मुलांच्या पुस्तकातला 'अल्जिब्रा' आला. स्पेनमध्ये तर कित्येक शतके हाडवैद्यालाच 'अल्हेब्रिस्ता' म्हणत.

त्याच स्पेनमध्ये, कुर्तुब्याजवळ, अबुल कासिम अल-जहरावी होऊन गेले. त्यांचे निधन १०१३ च्या सुमाराचे. 'किताब अल-तसरीफ' या त्यांच्या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात मोडलेल्या हाडांचे व निखळलेल्या सांध्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे चाकू धरणारा आणि हाड बसवणारा, दोघे एकाच ग्रंथात, एकाच माणसाच्या हातात होते. इब्न सीना यांनी (९८० ते १०३७) 'कानून'मध्ये सुचवले आहे की मोडलेल्या हाडावर पहिल्याच दिवशी घट्ट पट्ट्या आवळू नयेत, सूज ओसरण्यासाठी काही दिवस जाऊ द्यावेत. हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या अस्थिरोग विभागातही चालतो. आपल्याकडे पुढे हे दोन हात वेगळे झाले. एक रुग्णालयात गेला, दुसरा ओसरीवर राहिला.

चीनने दोघांना एका छपराखाली आणले

चीनमध्ये हाड बसवण्याच्या जुन्या विद्येला 'झेंगगू' म्हणतात. तीही घराण्यांत चालायची. लुओयांग शहराजवळच्या पिंगल गावातले गुओ घराणे त्यासाठी प्रसिद्ध. बापाकडून मुलाकडे जाणारी ही विद्या १९५० च्या दशकात त्या घरची सून गाओ युनफेंग यांनी बाहेरच्यांसाठी खुली केली. १९५८ मध्ये लुओयांगला हाड बसवण्याचे विद्यालय उभे राहिले. घरचे गुपित वर्गात शिकवले जाऊ लागले. तिथे एक्स-रे आला, शरीररचनेचा अभ्यास आला.

त्याच सुमारास तियानजिनच्या रुग्णालयात फांग शियानझी आणि शांग तियानयू हे आधुनिक शिक्षण घेतलेले शल्यविशारद जुन्या हाडवैद्यांच्या शेजारी बसून त्यांचे हात पाहू लागले. लाकडाच्या छोट्या पट्ट्या, कागदी गाद्या, कापडाचे बंद, आणि प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने पाय कोंडून न ठेवता लवकर हालचाल, हे त्यांनी जुन्या विद्येकडून घेतले. कुठली मोड हाताने बसते आणि कुठली बसत नाही, हे एक्स-रेवर पडताळून ठरवले. स्थिरता आणि हालचाल यांचा मेळ, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र झाले.

महाराष्ट्राचे या देशाशी शल्यचिकित्सेचे जुने नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. तेव्हा आपला हात त्यांच्या कामी आला. आता त्यांच्या अनुभवातले काही आपल्या कामी यावे.

छोट्या भोकातून टाच कशी बसवतात?

चीनमध्ये टाचेसाठी जी एकत्रित पद्धत वापरतात ती थोडक्यात अशी. रुग्णाला भूल देतात. गुडघा वाकवून पोटरीचा ताण सैल करतात. टाचेच्या मागून अगदी छोट्या भोकातून पोलादी सळई आत घालतात आणि तरफेसारखी वापरून दबलेला तुकडा वर उचलतात. त्याच वेळी वैद्य दोन्ही तळव्यांमध्ये टाच धरून दोन्ही बाजूंनी दाबतो, म्हणजे फुगलेली रुंदी आत येते. हे सगळे सी-आर्म नावाच्या चालत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत चालते. तुकडे जागी आले की कातडीतूनच तारा किंवा स्क्रू बसवतात. नंतर वनौषधींच्या कोमट पाण्याचे शेक आणि बोटांची, घोट्याची हालचाल.

यातले सगळेच काही चिनी नाही. सळईने तुकडा उचलण्याची रीत युरोपात १९३० च्या दशकापासून आहे. इंग्लंडचे पीटर एसेक्स-लोप्रेस्टी यांनी १९५२ मध्ये ती नीट मांडली, म्हणून तिला त्यांचे नाव आहे. बोलर यांनी टाच दाबण्यासाठी खास शिकंजा बनवला होता. जे काम तिकडे शिकंजा करी, ते इकडे अनुभवी तळवे करतात, एवढाच फरक. आपल्या देशातही अनेक अस्थिरोगतज्ज्ञ छोट्या छेदातून टाच बसवतात. तेव्हा 'चिनी इलाज' शोधत फिरायचे कारण नाही. चीनकडून घ्यायचे ते इतकेच की हाताचे कौशल्य आणि एक्स-रे यांची फारकत करायची नाही.

मोठ्या छेदाचे ऑपरेशन का टाळावेसे वाटते? टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी पातळ असते, तिच्याखाली मांस जवळजवळ नसते. तिथे इंग्रजी 'एल' आकाराचा मोठा छेद घेऊन प्लेट बसवली तर हाड छान दिसते, पण जखम चिघळण्याचा धोका मोठा. मधुमेह असेल, विडी-सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल तर आणखी मोठा. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २२ रुग्णालयांतील १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पाहिले, तर ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांच्या दुखण्यात व चालण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण गुंतागुंत मात्र ऑपरेशनवाल्यांत २३ टक्के आणि बाकीच्यांत ४ टक्के होती. टाच अगदीच विस्कटलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतले नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. चीनमधून छोट्या भोकाच्या पद्धतीचे चांगले अहवाल येतात, पण बरेचसे एकेका रुग्णालयातले आणि थोड्या रुग्णांचे आहेत. प्रत्येक मोडलेल्या टाचेला ऑपरेशन लागतेच असे नाही. तुकडे सरकलेले नसतील तर पाय वर ठेवून, भार न देता ती जुळते. कोणाला काय लागेल, हे एक्स-रे आणि सीटी स्कॅन पाहूनच ठरते.

मुदतीचा हिशेब

आता दिवसांचा मुद्दा. मोठ्या छेदाच्या ऑपरेशनसाठी सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे थांबावे लागते. छोट्या भोकाच्या पद्धतीत कातडी फारशी कापायची नसल्याने ती लवकर करता येते आणि लवकरच करावी लागते. तुकडे मोकळे असेपर्यंतच सळईने हलतात. दोन आठवडे उलटले की ते एकमेकांना चिकटू लागतात, तीन आठवड्यांनंतर मूळ जागी आणणे फारच कठीण होते.

हे गणित समजले की हाडवैद्याकडे आधी जाण्याची खरी किंमत कळते. तिथे तीन आठवडे पट्टी राहिली, मग उतार नाही म्हणून पुणे गाठले, तर हाताने आणि तारेने बसणारी टाच आता मोठ्या छेदाशिवाय बसत नाही, किंवा बसतच नाही. जो माणूस ऑपरेशनच्या भीतीने हाडवैद्याकडे जातो, त्याचीच छोट्या ऑपरेशनची संधी जाते. म्हणून क्रम असा धरावा: आधी एक्स-रे, मग हात.

पडल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

उंचावरून पायावर पडलेल्या माणसाला टाच टेकवत नसेल, टाच रुंद दिसत असेल किंवा एक-दोन दिवसांत तळव्यावर काळानिळा डाग उतरला, तर मोड आहे असेच समजावे.

त्याला चालवू नये. बूट-चप्पल, पैंजण, अंगठी लगेच काढावी. पायाखाली उशी घेऊन ती ओढणीने किंवा गमछ्याने सैलसर बांधावी आणि पाय छातीपेक्षा वर ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. चोळणे, गरम शेक, घट्ट पट्टी या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

कंबर किंवा पाठ दुखते का, हे मुद्दाम विचारावे. टाच मोडलेल्या दहांपैकी सुमारे एकाच्या मणक्यालाही इजा असते. पायाच्या दुखण्यापुढे ती सांगायची राहून जाते. पाठ दुखत असेल तर त्याला उचलून गाडीवर बसवू नये, आडवेच न्यावे. दुसरी टाचही तपासून घ्यावी.

बोटे थंड, पांढरी किंवा बधिर होत असतील, बोट हलवले की असह्य कळ येत असेल, किंवा टाचेच्या मागची कातडी आतून ताणून पांढरी पडली असेल, तर एक तासही दवडू नये. हाडाच्या तुकड्याने ती कातडी आतून दाबली की काही तासांत मरू शकते.

भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. पुढे ससूनला किंवा दुसऱ्या रुग्णालयात जायची चिठ्ठी मिळाली तर कपूरहोळ असो वा चेलाडी, फाट्यावरून पुण्याकडेच वळावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवावे, योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना भेटावे. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराने इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केलेली असावी. पडल्यावर नव्हे, त्याआधी. आपल्या वस्त्यांतल्या किती सेंट्रिंगवाल्यांनी आणि रंगाऱ्यांनी ही नोंदणी केली आहे, हे जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटे विचारले तरी पुष्कळ काम होईल.

घरातले तीन महिने

हाड बसले तरी साधारण दोन ते तीन महिने त्या टाचेवर भार द्यायचा नसतो. 'बरे वाटतेय' म्हणून सहाव्या आठवड्यात चालायला लागणारा माणूस वर उचललेले हाड पुन्हा दाबून घेतो. बोटे आणि घोटा हलवणे मात्र डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून रोज करायचे. बाहेर तारा ठेवल्या असतील तर त्यांच्या मुळाशी पू, लाली किंवा ताप आल्यास लगेच दाखवायचे. तंबाखू, विडी, मिश्री पूर्ण बंद, कारण त्यांनी जखमही रखडते आणि हाडही. अम्मी किंवा भाभी मायेपोटी वाटून लेप लावायला पुढे आल्या, तर त्यांना हळू आवाजात सांगावे की टाक्यांवर आणि तारांवर काहीही लावायचे नाही. त्यांची माया डाळ, अंडी, दूध, नाचणीच्या भाकरीतून पोचू द्या.

नमाजची चिंता बऱ्याच घरांत असते. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून, ही सवलत दीनने दिलेली आहे. तिचा संकोच धरून मोडलेल्या टाचेवर उभे राहू नये. वजूत प्लास्टर किंवा पट्टी भिजवायची नसते, तिच्यावर ओला हात फिरवून मसह करतात. फिकहच्या पुस्तकांत अशा बांधलेल्या पट्टीला 'जबीरा' म्हणतात. शब्द त्याच 'जब्र'मधला. तपशील आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमसाहेबांना विचारावा.

एक विनंती हाडवैद्यांनाही आहे. आपल्या हाताचा मान आम्ही ठेवतो. उंचावरून पडलेला, टाच सुजलेला माणूस आपल्या ओसरीवर आला, तर पट्टी सोडण्याआधी त्याला एक्स-रेसाठी पाठवा. पिंगल गावच्या सुनेने घरची विद्या एक्स-रेजवळ नेली, तेव्हा तिचा मान कमी झाला नाही, वाढला. आपल्या एका शब्दावर माणूस त्याच दिवशी भोरला किंवा पुण्याला जाईल. डॉक्टरांच्या दहा फलकांनी ते होणार नाही.

आणि जमातींना विनंती. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची या वस्तू तीन महिन्यांपुरत्या लागतात आणि मग माळ्यावर धूळ खात पडतात. प्रत्येक मशिदीत अशा वस्तूंचा एक संच ठेवला, गरज असेल त्याने न्यावा आणि बरा झाल्यावर पुसून परत आणावा, धर्म-जात न विचारता, तर पडलेल्याच्या घरावरचा एक भार तरी हलका होईल. पाऊस जवळ आला आहे. शिडीचा खालचा पाय घट्ट धरायला कुणीतरी उभे असू द्या.